मे महिन्याचे पिवळे ठिपके

मॅडमनी ब्लेड घेतलं आणि भिंतीवरच्या तक्त्यातले चार मे महिने कापून काढले. मी शेजारी खळीची वाटी धरून उभी होते. दुसऱ्या दिवशी विद्यापीठातून माणसं तो तक्ता बघायला येणार होती. पसंत पडला तर या भागाच्या उन्हाची नोंद म्हणून ते तो नेणार होते. मॅडमची सगळी नोकरी त्या तक्त्यात गेली होती. आणि ते चार मे मी नासवले होते.

आमचं कॉलेज नवापूर आणि खांडबाऱ्याच्या मधे, लहानसं. विज्ञान विभाग म्हणजे तीन खोल्या आणि एक व्हरांडा. मी तिथे झाडायचे, काचेची भांडी धुवायचे. मॅडम भौतिकशास्त्र शिकवायच्या, पण सगळे त्यांना ठिपकेवाल्या मॅडम म्हणत. मैदानात फटीफटींची पांढरी लाकडी पेटी आहे. तिच्यात तापमान मोजायच्या काचा. दिवसाचा सगळ्यात मोठा आकडा घेऊन मॅडम तक्त्यावर एक रंगीत ठिपका द्यायच्या. थंडीला निळा, मग हिरवा, पिवळा, तांबडा. एका वर्षाची एक ओळ. पोरं आपला जन्मदिवस शोधायला यायची. कोणी म्हणालं की कॉम्प्युटरवर हे एका मिनिटात होतं, तर म्हणायच्या, "तिथंही केलंय. पण हाताने दिलेला ठिपका लक्षात राहतो."

काच बघण्याआधी त्या समोर दिसेल त्याला विचारायच्या, "सांगा, आज किती?" प्राचार्यांनाही सोडायच्या नाहीत. मी पहिल्यांदा म्हटलं, "मी चौथी शिकेल शे मॅडम, माले काय इचारतस?" तर म्हणाल्या, "अंग शाळेत जातं का, मावशी?" मग मीही आकडा सांगायला लागले. पुष्कळदा जवळपास यायचा.

बॉक्सातली तांबडी पेन्सिल दर वर्षी आधी संपायची. मग ती उरायला लागली. मे महिन्याचे ठिपके पिवळे पडू लागले. मॅडमना चैन पडेना. झाडं वाढली म्हणून? कालव्याचं पाणी आलं म्हणून? छत्री घेऊन त्या गावोगाव विचारत फिरल्या. एका पोल्ट्रीवाल्याने त्यांना उडवूनच लावलं. "थंड? मन्ह्या कोंबड्यासले इचारा मॅडम. रोज टोपलंभर मरेल फेकस मी." मॅडम परत आल्या त्या आणखीच खुशीत. ऊन तेवढंच, ठिपके मात्र थंड; कोड्याला दुसरं टोक सापडलं होतं.

चौथ्या वर्षी सुट्टीत त्या भर दुपारी कॉलेजात आल्या. मी पेटीवर ओलं पोतं टाकत होते.

"मावशी, काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

"काच फुटी जाई म्हनीसन पोतं टाकस. चार वरीस व्हयनात."

कॉलेजात लागण्याआधी मी पोल्ट्रीत होते. मे महिन्यात शेडच्या जाळ्यांना ओली पोती बांधायची आणि दिवसभर पाणी मारायचं, नाहीतर पक्षी टिकत नाहीत. प्रयोगशाळेत एका मुलीच्या हातात बर्नरवर अशीच काच फुटलेली मी पाहिली होती. सुट्टीत पेटी माझ्या ताब्यात. फुटली तर माझ्यावर येईल, म्हणून मी शेडसारखंच केलं. आदल्या दुपारचा मोठा आकडा काचेत अडकून राहायचा; सकाळी तो वहीत लिहिला की माझं काम झालं, एवढंच मला माहीत.

मॅडम पायरीवर बसल्या. मला वाटलं, नोकरी गेली. त्यांनी वही काढली. "कितला वाजता टाकतस? कितला डाव पानी मारतस?" मग आठवडाभर एक दिवस पोतं, एक दिवस बिनपोत्याचं, असं चाललं. मला राग आला. ओरडायचं तर ओरडा आणि मोकळ्या व्हा. पण तिसऱ्या दिवसापासून मीच सकाळी आधी पेटी उघडायला धावत होते. पोत्याने तांबड्याचा पिवळा होत होता. मॅडमनी आकडे सुधारायचाही प्रयत्न केला. जमलं नाही. पोतं रोज सारखं ओलं नसतं.

म्हणून ते ब्लेड. कापलेल्या जागी आम्ही पांढरा कागद चिकटवला.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाचे एक सर म्हणाले, "नंदुरबारचे आकडे भरून टाका ना मॅडम. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"तिथलं ऊन इथं कसं भरू?"

"मग हे केलं कोणी?"

"पेटीची जबाबदारी माझी आहे."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. तक्ता त्यांनी नेला नाही. ते गेल्यावर मी म्हटलं, "मन्हं नाव सांगी देवानं व्हतं ना." मॅडम म्हणाल्या, "नाव सांगीसन आकडा परत येतस का? चहा द्या."

पुढे मॅडम निवृत्त झाल्या आणि मागच्या हिवाळ्यात वारल्या. तक्ता अजून व्हरांड्यात आहे. नवे सर पोरांना पांढऱ्या जागा दाखवतात आणि सांगतात, या चार महिन्यांच्या उन्हाचं काहीच माहीत नाही. आकडा माहीत नाही, हे खरं आहे. त्या चारही मे महिन्यांत भर दुपारी बादली घेऊन त्या पेटीजवळ मी होते.