दुसऱ्या आम्लाची बाटली

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी उल्हासनगरच्या बाजारात काळे मणी घ्यायला जाते. दुकानदार सिंधी आहे, तोंडओळख जुनी, आणि दरवर्षी त्याचा प्रश्न एकच, "मॅडम, इतने मंगळसूत्र किसके लिए?" मी सांगते, दहावीला कार्बन शिकवायचाय. आधीच्या वर्षीचे मणी उरलेलेच नसतात. निम्मे बाकाखाली जातात, निम्मे मुलींच्या वेण्यांत.

अंबरनाथ पूर्वेच्या मराठी शाळेत मी वीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. काळा मणी म्हणजे कार्बन, हायड्रोजन त्याला चिकटलेले आहेत असं समजून चालायचं. माळेच्या टोकाला रंगीत मणी ओवला की तो क्रियात्मक गट. लाल असेल तर अल्कोहोल, हिरवा असेल तर आम्ल. माळ कितीही लांब करा, टोकाचा मणी तोच असेल तर वागणूक तीच. आम्लांमध्ये पहिलं म्हणजे नुसता हिरवा मणी, दुसऱ्याला, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाला, एक काळा, तिसऱ्याला दोन. एकेक मणी वाढवत गेलं की झाली समजातीय श्रेणी. हा धडा माझा भारी लाडका आहे, त्यामुळे तो शिकवताना मी जरा हवेत असते.

मागच्या वर्षी अशीच हवेत होते. माळ वाढली की उत्कलनांक कसा पायरीपायरीनं वाढतो ते सांगत होते, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारी मुलगी ती. वडील बदलापूरच्या एका केमिकल कंपनीत कामाला. आमच्या निम्म्या वर्गाचे वडील कुठल्या ना कुठल्या केमिकल कंपनीत आहेतच.

"बाई, ते दुसरं आम्ल आहे ना, ते गोठतं. थंडीत कॅनमध्ये एकदम दगड होतो त्याचा. पप्पा सांगतात."

शुद्ध आम्ल थंड हवामानात गोठतं हे पुस्तकात आहेच. ते वाक्य वाचून "म्हणजे बर्फाळ प्रदेशात हं" अशी पुस्ती मी दरवर्षी माझ्या पदरची जोडत आले होते. जीभ आधीच तिखट. मी म्हणाले, "बदलापूर काय काश्मीर आहे का गं?"

वर्ग खो खो हसला. मीही हसले. त्या दिवसापासून मुलांनी तिचं नावच काश्मीर ठेवलं. पाण्याच्या नळापाशी मी ते दोनदा ऐकलं आणि पोरं आहेत म्हणून सोडून दिलं. तिचा हात मात्र पुन्हा वर आला नाही. पालकसभेला तिची आई म्हणाली, "अकरावीला सायन्स नको म्हणते आता. म्हणते, मला त्यातलं काही कळत नाही." कारण मला लख्ख माहीत होतं. तरी मी "बघते, समजावते" म्हणाले आणि सहीसाठी वही पुढे केली. त्याची लाज मला आजही वाटते.

त्या वर्षी शाळेची वेळ बदलून सकाळची झाली होती. त्याआधी आमची सगळी प्रात्यक्षिकं दुपारी व्हायची. जानेवारीत एका सकाळी सात वाजता, अंगावर स्वेटर, मी प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. खिडकी रात्रभर उघडीच राहिली होती. सोड्यावर टाकायला दुसऱ्या आम्लाची बाटली काढली, तिरकी केली, तर आतलं जागचं हलेना. उलटी धरली. आत पांढरा खडा, त्यात सुयांसारखे स्फटिक.

खरं सांगते, मी बाटली आधी ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवली. मधल्या सुट्टीपर्यंत पाणी झालं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता. दोन मिनिटं तिच्याकडे बघत उभी राहिले आणि मग बाटली उचलून वर्गात गेले.

झाकण घट्ट आहे ना बघितलं आणि सगळ्यांसमोर ती उलटी धरली. म्हणाले, "हे दुसरं आम्ल. आपल्या अंबरनाथमध्ये गोठलंय. ही खरं बोलत होती आणि मी तिला हसले. चूक माझी होती." मग त्या मुलीलाच विचारलं, "पप्पा पुढे काय करतात गं?"

ती उठली. आधी बाकाकडेच बघून बोलली. "आधी झाकण सैल करायचं. मग गरम पाण्याच्या टबात कॅन उभा ठेवायचा. आगीजवळ कधीच नाही न्यायचा."

शिपाईमावशींनी चहासाठी तापवलेलं पाणी बादलीत ओतून दिलं. झाकण मी सैल केलं, बाटली तिनं सांगितली तशी उभी ठेवली. अख्खा वर्ग बादलीभोवती जमला. काचेला चिकटलेला खडा हळूच सुटला आणि आत फिरायला लागला. "सुटला, सुटला," पोरं ओरडली. त्या दिवशी काश्मीर कुणी म्हणालं नाही.

मुलं जागेवर बसली. मी खडू उचलला आणि वळले, तर तिसऱ्या बाकावर हात वर.

"बाई, पप्पांच्या कंपनीत तिसरं आम्लपण येतं. माळ त्याची मोठी आहे ना? मग ते कधीच का नाही गोठत?"

वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता. जिभेवर काहीतरी येत होतं. ते मी गिळलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

मला वाटलं, आता वर्ग मला हसेल. कुणी हसलं नाही. आणि तिनं हात खाली घेतला नाही, तिला अजून विचारायचं होतं.