मी देतोय ना

चीनमधल्या चेंगडूच्या बाजारात पीच विकणाऱ्या बाईने दुकानाला टांगलेला, पैसे भरायचा चौकोनी कोड दाखवला. माझ्या फोनने पुन्हा नकार दिला. पासपोर्टवरचं नाव जुळत नाही, असं तो चार दिवस सांगत होता. शेजारून माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, आपला फोन पुढे केला. बीप वाजली आणि पीच माझ्या पिशवीत आले.

मला त्याचा हेवा वाटला, अगदी झणझणीत. तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, स्वतःच्या पगारातून हवं ते घेतलं, आणि इथे साधा चहा प्यायचा तरी "घेऊ या का?" म्हणत त्याच्याकडे बघावं लागत होतं. आई बाबांकडे असंच बघायची. दारात कासार आला की तिची नजर आधी आत, बाबांच्या खुर्चीकडे जायची. तेव्हा ती काय गिळत असेल, हे मला साठीत, परक्या देशात कळलं.

"अगं, तोंड का पाडलंस? मी देतोय ना?" श्रीकांत म्हणाला.

"तेच तर."

तो गोंधळला. मग त्याने स्वतःचा फोन माझ्या हातात ठेवला. "आज सगळीकडे तूच दे."

पुढच्या टपरीवर मी ऐटीत दोन चहा सांगितले, कोड स्कॅन केला. चहावाली माझ्याकडे बघून हसली. क्षणभर बरं वाटलं. मग पडद्यावर पैसे देणाऱ्याचं नाव उमटलं, श्रीकांतचं. चहा छान होता, पण मला तो कडूच लागला.