कुकरमधलं भरीत

"मॅडम, उद्या नाना पिकअप घेऊन येतायत. गादीसकट घरी चालली मी," अश्विनी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मुलींच्या हॉस्टेलची काउन्सेलर. म्हणजे दुखऱ्या मनावर फुंकर घालणारी पगारी मावशी. अश्विनी रावेरकडची, फर्स्ट इयरची. नाव अर्थातच बदललंय. जेवण, अंघोळ, लेक्चर, तिचं सगळंच बंद पडलं होतं. अशांसाठीच मी 'रेझिलियन्स'वर, म्हणजे पडलं तरी उठून उभं राहण्यावर, सेशन घेतलं होतं. ते इतकं रंगलं की वरचा पंखासुद्धा पेंगायला लागला. अश्विनी तर आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. हॉस्टेलची भरीत पार्टी. बैलाच्या डोक्याएवढं वांगं आणि मेसचा कुकर घेऊन मी सकाळीच तिच्या खोलीत शिरले.

"किती शिट्ट्या करू गं?"

"कशाच्या?"

"भरताच्या."

ती ताडकन उठून बसली. "भरीत? कुकरमधी? तुम्ही कुठल्या, मॅडम?"

"धुळ्याची."

"धुळ्यात असं करता?"

"घरोघरी," मी अख्ख्या धुळ्याची अब्रू पणाला लावून सांगितलं.

चप्पल न घालताच ती खाली पळाली. कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली. मग बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, अशी ठेचली की भुसावळच्या खिडक्या हादरल्या असतील. ठेचता ठेचताच म्हणाली, "वर्गात सारे इंग्लिशमधी बोलता. मला वाटे, मी एकटीच मठ्ठ."

"मला तरी कुठं काय कळतं?" मिरच्या खुडणारी तिची रूममेट म्हणाली. "मी नुसती मान हलवते."

अश्विनीचा हात थांबला. "खरंच?"

"मागच्या बाकावर बघ कधी. सगळ्याच हलवतात."

दुपारी तिचे वडील, नाना, आले. जेवले, पुन्हा वाढून घेतलं, हात धुतले. "चाल बेटा, गादी बांध."

अश्विनीनं रूममेटकडे पाहिलं. "नाना, गुरुवारी प्रॅक्टिकल आहे. तेवढं होऊ द्या."

नाना माझ्याकडे वळले. "मॅडम, जेवते का ही इथं?"

"आज जेवली," मी म्हणाले. यात मात्र थाप नव्हती.

पिकअप रिकामी गेली. पहिल्या सेमिस्टरला अश्विनीचं मॅथ्स राहिलं. ती रडली, जेवली, पुन्हा परीक्षेला बसली. सुटलं.

पुस्तकं सांगतात, आधी विद्यार्थ्याचं ऐकून घ्या. बरोबर आहे. पण ज्याला बोलायचंच नाही, त्याच्यासमोर कोणालातरी आधी गाढवपणा करावा लागतो. कॉलेज मला त्याचाच पगार देतं.