पेटीची पूजा

आमच्या वाहिनीच्या स्टुडिओत काल एका काळ्या पेटीला हळदकुंकू वाहिलं. आतली चिप म्हणे नेटवर्कवरून येणारं चित्र आणि आवाज आपणच जुळवते. साहेबांचं भाषण मुख्य कार्यालयातून त्याच पेटीमार्गे पडद्यावर चालू होतं. त्यात क्रांती चारदा होऊन गेली होती. इतकी वर्षं नजरेने आणि कानाने ही जुळणी करणारे शिंदेकाका माझ्याशेजारी उभे होते.

"काका, आता आराम," मी म्हटलं.

"आराम कसला? घरी बसा म्हणतील. त्या चिपला उद्या नवं काही शिकवतील. मला कुणी विचारलं, शिकता का म्हणून?"

यंत्र शिकेल याची आपल्याला केवढी खात्री! माणसाला मात्र विचारायचंही सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं.

तेवढ्यात पडद्यावर साहेबांचे ओठ आधी हलले, आवाज मागून आला. काकांचा हात सवयीने पुढे गेला. तिथलं जुळणीचं बटण सकाळीच काढून नेलं होतं.