हलगीच्या आवाजात निवडलेलं कुत्रं

जर्मन शेफर्डचा फ्लेक्स छापून झाला होता. कुत्रं निवडायचं तेवढं राहिलं होतं. फ्लेक्सवर मध्ये कुत्रं, शेजारी हात जोडलेले आबा आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून सगळी भावकी. मोबाईलवर तो फोटो दाखवून आबा मला म्हणाले, "आता तुमी फक्त व्हय म्हना."

माझा बारामतीत कुत्र्या-मांजरांचा दवाखाना आहे. आबा सणसरचे ऊस बागायतदार, एका पतसंस्थेचे माजी संचालक. सोबत त्यांची सून सारिका होती. ती एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या लॅबमध्ये काम करते. कुत्रं हवं होतं तिच्या मुलीसाठी. अन्वी आठ वर्षांची आहे, तिला ऑटिझम आहे. बोलते मोजकं, समजतं बरंच. मोठा आवाज मात्र सहन होत नाही. कान झाकून खाली बसते आणि मग बराच वेळ कुणाची नसते. रस्त्यावरची कुत्री ती लांबून तासन्‌तास बघत बसते, कुत्री भुंकायला लागेपर्यंत. म्हणून तिच्या थेरपिस्टनी सुचवलं होतं की एखादं शांत कुत्रं मिळालं तर बघा.

शांत कुत्रं ही कल्पना आबांना पटत नव्हती. "भुंकत न्हाय ते कुत्रं कशाचं? गेटवरनंच लोकांनी इचारलं पायजे, कुनाचं हाय म्हनून."

सारिका त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबली. मग मला म्हणाली, "सर, कुत्रं आणलं की पोरगी बरी होईल असं सांगणारे लई भेटलेत. तुमी ते सांगू नका. तिला झेपणारं द्या, बास. भुंकणारं आलं तर ती आपल्याच घरात खोलीबाहेर यायची न्हाय."

मी तसं सांगणार नव्हतोच. कुत्रं हे औषध नव्हे. आणखी एक गोष्ट मी दोघांना सांगितली, की पिल्लू नको. पिल्लू गोंडस असतं, पण चावतं, अंगावर उड्या मारतं, आणि मोठं झाल्यावर कसं निघेल ते त्याच्या आईबापालाही सांगता येत नाही. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो. माझ्या नजरेत चिकू होती. लॅब्रॅडॉरचं मिश्रण, रंग चिकूचा, बांधा बटाट्याचा. तिच्या मालकांची बदली झाली आणि नव्या फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नव्हतं, म्हणून ती माझ्याकडेच राहत होती.

चिकूचा फोटो बघून आबांनी मोबाईलवर परत आपला फ्लेक्स उघडला. फ्लेक्सवर ती शोभली नसती, हे मलाही मान्य होतं. शेवटी असं ठरलं, की आबांच्या पसंतीचा, ब्रीडरकडचा एक मोठा शेफर्ड आणि चिकू, दोन्ही कुत्री घरी न्यायची, टेम्परामेंट टेस्ट करायची आणि अन्वीकडे बघून ठरवायचं. ही टेस्ट म्हणजे स्वभावाची परीक्षा. अनोळखी माणूस, खाण्याजवळ गेलेला हात, अचानक झालेला आवाज, अशा वेळी कुत्रं काय करतं ते बघायचं. आवाजासाठी मी स्टीलचं ताट पाडतो. माझी एकच अट होती, गर्दी नको.

रविवारी सणसरला पोचलो तर अंगणात मंडप. 'गर्दी नको' याचा अर्थ आबांनी 'फक्त घरचे' असा घेतला होता, आणि घरचे मंडपाबाहेर सांडत होते. त्या घरात ट्रॅक्टर येवो, जर्सी गाय येवो, बोअरची मोटार येवो, हलगी वाजल्याशिवाय आत घेत नाहीत. "मी आले तवा पण हेच पथक होतं," सारिका म्हणाली. टेबलावर शाल, नारळ आणि माईक तयार होते.

मी अन्वीला आत न्यायला सांगत होतो, तेवढ्यात हलगी कडाडली. कुत्री आली की वाजवायचं, असं पथकाला ठरवून दिलं होतं.

ओट्यावर बसलेल्या अन्वीनं कान झाकले आणि गुडघ्यात डोकं घातलं. सारिका तिचे आवाज अडवणारे हेडफोन आणायला आत धावली. जर्मन शेफर्ड मागच्या दोन पायांवर उभा राहून हलगीवर भुंकत होता. त्याला धरून उभे असलेले ब्रीडर अभिमानानं म्हणाले, "गार्ड लाईन आहे सर, राखणीचीच पैदास." प्रत्येक भुंकण्यासरशी अन्वी आणखी आक्रसत होती.

चिकूही दचकली. न दचकणारं कुत्रं नसतं; दचकल्यावर किती लवकर सावरतं ते बघायचं असतं. तिनं हलगीकडे पाहिलं, अंग झटकलं आणि मला ओट्याकडे ओढत नेलं. अन्वीपासून थोडं अंतर राखून, मंडपाकडे तोंड आणि तिच्याकडे पाठ करून ती आडवी झाली. चाटणं नाही, हुंगणं नाही. माझ्या ताटानं इतकी कडक परीक्षा घेतली नसती.

आबा हार घेऊन येत होते. नातीकडे लक्ष गेलं आणि ते थांबले. त्यांनी हात वर केला. हार घालायच्या आधी हलगी थांबल्याचं त्या घरानं पहिल्यांदाच पाहिलं असावं. शेफर्ड गाडीत गेला. सरपंचांचं भाषण रद्द झालं, त्याबद्दल कुणी हळहळलं नाही.

आबा हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, आपल्या घरात कायम येवढा आवाज असतोय व्हय?"

उत्तर सारिकानं दिलं. "व्हय आबा."

हेडफोन घातल्यावर अन्वीचं डोकं हळूहळू वर आलं. ती बराच वेळ चिकूकडे बघत राहिली. मग तिनं पाय लांब केला आणि तळवा चिकूच्या पाठीवर टेकवला. चिकू हलली नाही. थोड्या वेळानं दुसराही पाय आला. मी दोरी सैल सोडली.

चिकू आधी ट्रायलवर राहील, दोघींपैकी एकीलाही त्रास झाला तर मी तिला परत नेईन, असं मी बजावलं. आबांची हरकत नव्हती. "सत्कार झालाच न्हाय," ते म्हणाले, "मग परत द्यायला कसली लाज?"

द्यावी लागली नाही. परवा लसीसाठी गेलो होतो. चमत्कार काही झालेला नाही. अन्वी बोलते तेवढंच बोलते, चिकूला मिठीबिठी मारत नाही. पण संध्याकाळी आपणहून खोलीतून बाहेर येते आणि चिकूच्या पाठीवर पाय ठेवून ओट्यावर बसते. आबांच्या बैठका आता गोठ्यात भरतात. म्हशींची तक्रार नाही.

हल्ली कुणी मुलासाठी कुत्रं मागायला आलं की मी आधी त्यांच्या घरी जाऊन अर्धा तास गप्प बसून घरातले आवाज ऐकतो. कुत्र्याची टेस्ट नंतर.