ताण्यातली तुटलेली तार

माझे वडील, अप्पा, भवानी पेठेत हातमागावर लुगडी विणायचे. डोळ्यांत फूल पडलं आणि दोन वर्षांत त्यांची नजर पार गेली. मग मागाच्या खोलीत ते पाऊल टाकीनात; मागावर चढवलेला उभ्या तारांचा ताणा तसाच राहिला. मी अठरा वर्षांची, सुताच्या कांड्या भरून त्यांच्या धोट्यात घालून द्यायची. हा माणूस आतूनही विझत चाललाय, अशी धास्ती मला लागली होती.

विलायतेहून शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी तेव्हा एक यंत्र जुळवलं होतं. मेंदूत वीज असते आणि ती कागदावर उतरते, असं ते सांगत. पेठेत त्यांची टवाळीच चाले. त्यांना नजर गेलेला माणूस तपासायचा होता. यानं डोळे परत येणार नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितलं. तरी मी अप्पांना नेलं.

मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या त्यांच्या डोक्याला बांधल्या.

"दुसरं लगीन लावताय व्हय डाक्टर?" अप्पा म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांना थट्टा सुचली होती.

कागद सरकू लागला, लेखणी एकसारख्या लाटा काढू लागली. माणूस निवांत असला की या लाटा येतात, नजर लावून काही बघू लागला की मोडतात, असं डॉक्टरांनी समजावलं. मग अप्पांना म्हणाले, न हलता समोर बघायचा प्रयत्न करा. अप्पा चिडले. आंधळ्यानं काय बघायचं? लाटा तशाच चालू राहिल्या.

मला राहवेना. मी खोटंच बोलले, "अप्पा, ताण्यात तार तुटलीय."

अप्पा जागच्या जागी थिजले. आणि लाटा थांबल्या. रेघ जवळजवळ सपाट झाली, तशीच सरळ चालत राहिली. डॉक्टर श्वास रोखून कागदाकडे बघत होते. त्या मिटल्या कवाडांमागे माझा बाप ताण्यातली एकेक तार न्याहाळत होता, आणि ते आम्हाला दिसत होतं. देवळातसुद्धा माझे हात असे आपोआप जोडले गेले नव्हते.

बऱ्याच वेळानं अप्पा म्हणाले, "न्हाय गं. समद्या धड हायत."

वाटेत मी त्यांना कागदावरचं सगळं सांगितलं. घरी आल्यावर ते भिंत चाचपत थेट मागाच्या खोलीत गेले, ताण्यावर हात फिरवला आणि बैठकीवर बसले.

"धोटा दे," म्हणाले. "रंग तेवढा तू सांग."