तीन वाजेपर्यंतच्या सह्या

आमच्या मोठ्या जाऊबाईंना सगळी गल्ली देवमाणूस म्हणते. म्हणू दे. दुरून डोंगर साजरे! अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली हे घरातलं पाळणाघर ओढतेय, मला विचारा. परवाना त्यांच्या नावावर, कौतुक त्यांचं, आणि शी-शू माझ्या वाट्याला.

मी हात धुऊन आले की म्हणणार, "पुन्हा धू." खेळणी उकळत्या पाण्यातून, गाद्या उन्हात, फिनेल कुलपात. पोराचा ताप त्याच्या आईआधी यांना कळतो, तेवढं कबूल करते. पण एकदा एका आईसमोर माझ्या कडेवरचं बाळ काढून घेतलं आणि म्हणाल्या, "हिच्याकडे नको, ही वेंधळी आहे." ती आई माझ्याकडे कशी बघायला लागली! मी नाही विसरले ते.

परवा बाराच्या सुमारास तपासणीच्या बाई न सांगता आल्या. सहाही पोरं झोपलेली. बाईंनी पावलं न वाजवता घर पालथं घातलं. जिन्याचं फाटक, प्लगवरची झाकणं, औषधांच्या तारखा, नळाचं गरम पाणी. कुठे बोट ठेवायला जागा नाही. जाऊबाईंची मान ताठ होत चालली आणि इकडे माझा तिळपापड.

मग बाईंनी भिंतीवरचा झोपेचा तक्ता काढला. झोपलेल्या मुलाचा श्वास दर पंधरा मिनिटांनी बघायचा आणि त्या वेळेपुढे सही करायची, असा नियम आहे. बाईंनी घड्याळ पाहिलं. सव्वाबारा. तक्त्यावर सह्या तीन वाजेपर्यंतच्या!

"हे काय? तुमच्याकडे तीन वाजले वाटतं?"

जाऊबाई पांढऱ्याफटक पडल्या. "सकाळीच करून ठेवते. पण मी पोरांजवळच बसते हो, शेवटचं उठेपर्यंत. पोरांकडे बघू की कागदाकडे?"

"असं सगळेच सांगतात," म्हणत बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही रोज असता. या खरंच बसतात? तसं असेल तर ताकीद देऊन सोडते. नाहीतर परवाना आजच थांबवावा लागेल."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? बसतात. स्टूल घेऊन, तीन-तीन तास. फोन वाजला तरी उठत नाहीत. मागे एका पोराला झोपेत उलटी होऊन श्वास अडकला, तेव्हा यांनीच त्याला पालथं करून पाठीत थापट्या मारल्या आणि वाचवलं. मी दोन पावलांवर भाजी चिरत होते, मला पत्ताही नव्हता.

"मला नाही माहीत, बाई," मी म्हटलं. "मी त्या वेळी स्वयंपाकघरात असते."

परवाना थांबला. चारच्या आत सहाही आया येऊन पोरं घेऊन गेल्या. एकीने तर जाऊबाईंच्या हातातून लेकरू हिसकावलं. माझ्या जिवाला गार वाटलं. वाटलं म्हणजे वाटलं, खोटं कशाला बोलू?

दार लागलं तशा त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. भांडतील म्हणून मी पदर खोचूनच होते. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अगं, तुला खरंच माहीत नव्हतं?" एवढंच विचारलं. माझ्यावर विश्वास ठेवायला तयार होती ती बाई.

खरं अगदी ओठांवर आलं होतं.

"नव्हतं," मी म्हटलं.